परीक्षेला आणलेला भाऊ

सख्खा भाऊ डोळ्यांदेखत शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला, तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

न्हावीकाम शिकवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत आज दाढीची परीक्षा होती. गिऱ्हाईक ज्याचं त्यानं आणायचं, नाही आणलं तर नापास, आणि सगळं वर्ष पुन्हा. वर्गात ती एकटीच बाई, वयानंही मोठी, म्हणून मास्तरांसकट सारे तिला ताईच म्हणत. नवऱ्यानं आधीच हात वर केले होते. सासरे दाढी राखून होते. उरला धाकटा भाऊ. त्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला, त्याचं नाक पुसलेलं. "येतो गं ताई, त्यात काय एवढं!" असं तोंड भरून म्हणाला होता.

आणि आला तो बसला कुणाच्या खुर्चीत? फुग्याच्या! सरावाला फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवायचा असतो. या पठ्ठ्यानं इतके फोडले की नावच फुगा पडलं. त्याचा स्वतःचा मामा बाकावर ताटकळत होता, तरी त्यानं भावाच्या गालांना फेस लावलासुद्धा.

"अरे, माझी खुर्ची इकडे आहे."

"इथंच बरंय गं," भाऊ आरशाकडे बघत म्हणाला. "वस्तरा म्हणजे गळ्याचा मामला. बाईमाणसाला सवय नसते."

पोरं फिदीफिदी हसली. मास्तर म्हणाले, "जबरदस्ती कशी करणार, ताई? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! वर्षभर या सगळ्यांचे टॉवेल धुतले ते कुणी? आणि हा दिवटा तापानं फणफणला की उशाशी बसायला बाई चालते, गळा म्हटला की लगेच बाईमाणूस!

तिनं फुग्याला बाजूला सारलं. "तुझ्या मामाला बसव माझ्या खुर्चीत. याची दाढी मी करणार."

भावानं उठायला हात टेकले.

"ऊठ ना," ताई म्हणाली. "ऊठ आणि सगळ्यांसमोर सांग, सख्ख्या बहिणीवर माझा भरवसा नाही. मग मी खुशाल नापास होते."

भाऊ हात टेकून तसाच बसून राहिला. "पण तू चिडली आहेस, ताई."

"आहेच!"

मास्तर पुढे झाले. रागात वस्तरा धरायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. ताईला तो पाठ होता. तिनं भिंतीवरचा चामड्याचा पट्टा ताणला आणि वस्तरा त्यावर घासत राहिली, वर-खाली, वर-खाली. भावाच्या गालावरचा फेस वाळून त्याचे पापुद्रे निघाले. मग तिनं हात समोर धरून पाहिला. बोटं जराही हलत नव्हती.

ओल्या टॉवेलनं जुना फेस पुसून तिनं नवा लावला, कातडी ताणली आणि कानाजवळून वस्तरा खाली आणला. एक गाल झाला, दुसरा झाला, ओठावरचं झालं. कुठं खरचटलं नाही. मास्तर वाकून बघत होते. आता फक्त गळा राहिला, आणि भावानं हनुवटी छातीला चिकटवली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "गेला का गं राग?"

"नाही. मान वर कर."

त्यानं केली.