कोपऱ्यातली फुली

राधाकाकींच्या दारातली रांगोळी बघायला सकाळी सातलाच अर्धा मजला गोळा झाला होता. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर रोज कुणाचं ना कुणाचं वाजतं, त्यामुळे गर्दीचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण आज सगळे हसत होते. अक्षदा कडेवर दहा महिन्यांची चिऊ आणि हातात नाचणीच्या पेजेची वाटी घेऊन बाहेर आली आणि तीही हसणारच होती, तेवढ्यात तिला रांगोळी नीट दिसली.

कासवांची रांगोळी होती. एकोणीस ठिपक्यांची. सहा बाजूंना सहा कासवं, पाठीवर खवले, पायांशी कमळाच्या कळ्या, एक रेघ इकडची तिकडे नाही. आणि बरोबर मधोमध, जिथे सातवं, सगळ्यांत मोठं कासव बसायला हवं, तिथे एक रिकामा आडवा चौकोन. चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एवढीशी फुली.

"काकी, मधलं कासव कुठे फिरायला गेलं काय?" समोरच्या खोलीतली प्रिती विचारत होती.

"हसा गो, हसा," राधाकाकी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बोटं मिरचीने लाल. मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायची त्यांची वेळ झाली होती. "फोनात जसा दिसता, तसाच काढलंय. अक्षदान घातल्यान म्हणजे असतला कायतरी नवीन."

अक्षदाच्या हातातली वाटी कलंडली. पेज चिऊच्या पायावर सांडली, चिऊने भोकाड पसरलं, आणि त्या निमित्ताने अक्षदा घरात पळाली.

'ठिपका' हे संकेतस्थळ तिचं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने आईची रांगोळीची वही, तेलाचे डाग पडलेली, पानं सुटी झालेली, फोटो काढून नेटवर टाकली होती, केवळ ती फाटून जाऊ नये म्हणून. मग कुणीतरी आपली वही टाकली, मग आणखी कुणी. नऊ वर्षांत चार हजारांच्या वर रांगोळ्या जमल्या. नाव नोंदवायचं, हवी ती रांगोळी घ्यायची, दारात काढायची आणि फोटो टाकायचा. सगळं फुकट. सावंतवाडीची मालनताई आणि गिरगावातल्या फणसवाडीची शेफाली कधी भेटल्या नव्हत्या, पण एकमेकींच्या उंबऱ्याच्या फरश्या ओळखायच्या.

गेल्या वर्षी संकेतस्थळाची नेटवरची जुनी जागा बंद झाली तेव्हा अक्षदाला सातवा महिना होता. परळच्या एका कंपनीने जागा देऊ केली. पैसे नकोत, फक्त पानाच्या तळाशी जाहिरातीची एक पट्टी. अटींचं लांबलचक पान तिने वाचलं नाही. पाय सुजले होते, पाठ धरली होती, आणि 'मान्य आहे' हे बटण हिरवंगार होतं.

आता तिने चिऊला मांडीत घट्ट धरून फोन उघडला. पट्टी तळाशी नव्हती. प्रत्येक रांगोळीच्या मधोमध चढून बसली होती आणि नाचत होती: 'कशाला वाकता? चिकटवा आणि विसरा! वर्षभर टिकणारी रांगोळी स्टिकर्स.' कोपऱ्यात फुली. ती दाबली की जाहिरात बंद होत नव्हती, उलट स्टिकरचं दुकानच उघडत होतं.

फोटोंच्या पानावर तर कळस होता. रात्रीतून सहा बायकांनी तोच चौकोन काढला होता. नागपूरच्या एकीने त्यात हळदीकुंकू वाहिलं होतं. एकीने विचारलं होतं, 'ताई, मधलं कसं जोडायचं? माझंच काही चुकतंय का?'

माझंच चुकतंय का. अक्षदाला ते वाक्य वाचवेना.

कंपनीतला स्वप्नील तिसऱ्या वेळेला फोनवर आला. "मॅडम, बोला ना."

"पट्टी खाली ठेवायचं ठरलं होतं."

"खाली कोण बघतं, मॅडम? नजर मधे जाते. तुमच्या अटींत लिहिलंय, जागा कंपनी ठरवणार. आणि रांगोळीच्या साइटवर रांगोळीचीच ॲड, याच्यापेक्षा परफेक्ट काय पायजे?"

"बायकांना मधलं दिसत नाही. जे दिसतं ते काढतायत त्या. चौकोन काढतायत."

तो मनापासून हसला. "सिरियसली? फोटो पाठवा ना प्लीज. मॅडम, सवय होते. आमच्या आईलापण आधी सगळं कळायचं नाही."

"मला माझ्या रांगोळ्या परत द्या. मी दुसरीकडे नेते."

"सगळं एकदम उतरवून द्यायची सोय फ्रीवाल्यांना नाही. आणि फुकटात असलं की थोडं ॲडजस्ट करावं लागतं." मग आवाज गोड करून तो म्हणाला, "एक करू. पाडव्याला आमच्या टॉवरच्या आवारात स्टिकरवाल्यांचा कार्यक्रम आहे. तुमच्या बायका आणा, वीस फुटी रांगोळी काढा. वरून कॅमेरा लावतो, थेट साइटवर, त्याच पट्टीत. क्लायंट खूश झाला तर मी पट्टी खाली घ्यायचं बघतो."

"आणि नाही आलो तर?"

"तर मग चालू आहे तसं चालू. आवडत नसेल तर पाडव्यानंतर बंद करू, तसं कळवा."

आयुष्यात अक्षदाने कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दूधवाल्याला नाही, नणंदेला नाही. आताही ती "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी चिऊ झोपली तशी ती राधाकाकींच्या दारात जाऊन बसली. काकी जेवायला घरी आल्या होत्या. रांगोळी अजून तशीच होती. अक्षदाने सगळं सांगितलं, हिरव्या बटणापासून. सांगता सांगता रडली.

काकींनी ऐकून घेतलं. मग पदराने हात कोरडे केले, चिमूट भरली, आणि बोलत बोलत चौकोनाच्या आत ठिपके टाकले. कडेच्या रेघा आत ओढल्या, एक वळण, दुसरं वळण, डोकं, शेपटी. दोन मिनिटांत सातवं कासव बसलं.

अक्षदा बघतच राहिली. "तुम्हाला येत होतं?"

"कडेच्या रेघा खंय जातत ता बघितला की मधला आपोआप कळता. पन्नास वर्सां काढतंय मी."

"मग सकाळी चौकोन का काढलात?"

"तू घातलंस म्हणान." काकींनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. "शिकलेला चेडू, कायतरी विचार करून घातला असतला. तुझो मान ठेवलंय."

अक्षदाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. सगळा मजला हसत असताना ही बाई तिच्या चुकीची राखण करत दारात उभी होती.

"काकी, पाडव्याला परळला याल?"

"तेंच्याकडे? रांगोळी काढूक?"

"हो. आजच्यासारखीच."

काकींचा चेहरा आधी कोरा होता. मग डावी भुवई वर गेली. "फुलीसकट?"

"फुलीसकट."

त्या संध्याकाळी अक्षदाने स्वप्नीलला कळवलं, येतो आम्ही. आणि 'ठिपक्या'वर लिहिलं: 'चूक तुमची नाही, माझी आहे. मी न वाचता हो म्हटलं. हे घर पाडव्याला सोडायचं आहे. बारा दिवस आहेत. प्रत्येकीने चाळीस रांगोळ्या आपल्या हाताने वहीत उतरवायच्या. मधलं झाकलेलं असेल तर कडेवरून काढा. ज्यांना जमणार नाही त्यांनी मूळ रांगोळी टाकणारीला विचारा. आपापल्या चाळीस रांगोळ्यांचे क्रमांक खाली लिहा.'

तिला वाटलं होतं पंधरावीस जणी येतील. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे बारा आल्या. चौकोनी रेघांच्या वह्या निघाल्या, मुलांच्या जुन्या वह्यांची मागची पानं निघाली. मालनताईंनी चाळीसच्या जागी नव्वद मागितल्या, 'सध्या गुडघा दुखतो, बसूनच असते' म्हणून. शेफाली वेबसाइट बनवणारी, तिने एक साधं पान उभं केलं. पट्टी नाही, नाचणारं काही नाही. उतरवलेल्या वह्यांचे फोटो तिथे जायला लागले.

अक्षदाचे चाळीस कुकरच्या शिट्ट्यांमध्ये झाले, चिऊच्या आंघोळीनंतरच्या गाढ झोपेत झाले, दवाखान्यात लसीच्या रांगेत झाले. एकदा चिऊने कानडी फुलपाखराचं पान चावून खाल्लं, ते परत काढावं लागलं.

"अक्षू, किती राहिले?" नवरा राजेश रोज विचारायचा. तो चौथ्या दिवशी स्वतःच फूटपट्टी-पेन्सिल घेऊन बसला. त्याचे मोर कोंबड्यांसारखे दिसत होते, पण ठिपके मोजून बरोबर.

एक पान मात्र तिने शेवटपर्यंत ठेवलं होतं. चिऊच्या बारशाचं. तिने सात ठिपक्यांचा पाळणा टाकला होता आणि दोनशे बायकांनी तो आपापल्या दारात काढून फोटो पाठवले होते. शेणाने सारवलेल्या अंगणात, जिन्यात, कुंडीशेजारी, एकीने तर हॉस्पिटलच्या खाटेजवळ. खाली प्रत्येकीचं दोन ओळींचं लिहिणं. पाळणा वहीत उतरेल, पण ते दोनशे उंबरे कसे उतरवायचे? ती पान उघडून बसली. पट्टी पाळण्याच्या मधोमध नाचत होती, बरोबर जिथे बाळ असतं तिथे.

चिऊ झोपेत चुटुचुटु ओठ हलवत होती. अक्षदाने फोटोंचा नाद सोडला आणि बायकांची नावं, गावं आणि त्या दोन-दोन ओळी लिहायला घेतल्या. तीन दुपारी लागल्या. मनगट धरलं. पण एकही नाव सुटलं नाही.

पाडव्याला घरोघरी गुढ्या उभारून झाल्या आणि नऊच्या सुमारास बाराजणी परळच्या त्या टॉवरच्या आवारात उतरल्या. नऊवाऱ्या, नथी, पिशव्यांत रांगोळीचे डबे. कधीकाळी तिथे गिरणी होती. राधाकाकींचे यजमान तिथेच साच्यावर, कापडाच्या मागावर, कामाला होते. काकींनी चप्पल काढली, फरशीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "गुळगुळीत हा. रांगोळी सरकतली. चिमूट घट्ट धरा गो."

कासवांचीच रांगोळी. ठिपके पडले, रेघा पडल्या. चिऊ राजेशच्या खांद्यावर बसून खालच्या बायकांकडे बघून टाळ्या पिटत होती. पहिल्या मजल्याच्या कठड्यावर कॅमेरा लावला होता. अक्षदाने मधेच फोन बघितला: ज्या पट्टीत रोज स्टिकर नाचायचे, तिथे आज बारा वाकलेल्या पाठी दिसत होत्या. एकाच वेळी आठशे जणी बघत होत्या.

मधे पुरुषभर लांबीचा चौकोन रिकामा राहिला. स्वप्नील पायऱ्यांवरून धावत खाली आला. बरोबर स्टिकर कंपनीचे साहेब, कोटाला गुढीचा बिल्ला.

"मॅडम! तुम्ही बॅनरला जागा सोडली? कमाल केलीत!" स्वप्नील साहेबांकडे वळला. "सर, बघा, मी म्हटलं होतं ना!"

दोन माणसं गुंडाळलेलं भलंमोठं स्टिकर घेऊन पुढे आली. साहेब हसत बुटासकट रांगोळीच्या कडेपर्यंत आले.

"थांबा," राधाकाकी म्हणाल्या. "एक रेघ रवली हा."

त्या वाकल्या आणि चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात लाल रंगाने फुली काढली. मग कंबर धरून सरळ झाल्या आणि अक्षदाला म्हणाल्या, "घातलंस तू. आता बंद पण तूच कर."

अक्षदाने साडी सावरली. तिला दिसत होतं, स्वप्नीलचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, त्याला कळलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, वर कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, आणि अंगठा फुलीवर ठेवून दाबला. चांगला घट्ट, फरशी लागेपर्यंत.

"झाली बंद!" प्रिती ओरडली.

बाराजणी चौकोनावर तुटून पडल्या. तळव्यांनी चारी रेघा पुसल्या, ठिपके टाकले, कडेच्या रेघा आत ओढल्या. स्टिकरवाली माणसं गुंडाळी धरून तशीच उभी.

"मॅडम, हे काय करताय? लाइव्ह आहे!" स्वप्नीलचा आवाज चिरकला.

"म्हणून तर," अक्षदा म्हणाली. "आम्हाला वाकायची लाज नाही वाटत, दादा. तुमच्या साहेबांना सांगा. आणि आमच्या रांगोळीच्या मधे कुणी बसायचं ते आम्ही ठरवणार."

"साइट आत्ताच्या आत्ता बंद होईल, कळतंय ना?"

"कळतंय. बंद कराच. नाही. तुमच्या अटी मला मान्य नाहीत." आणि पहिल्यांदाच म्हटलेला तो 'नाही' तिला इतका आवडला की तिने तो आणखी एकदा म्हटला. "नाही."

साहेब लिफ्टकडे गेले. स्वप्नील फोन कानाला लावून त्यांच्या मागे.

सातवं कासव पूर्ण व्हायला आलं तेव्हा अक्षदाने 'ठिपका' उघडून बघितला. पान पांढरं. 'हे पान उपलब्ध नाही.' नऊ वर्षं एका ओळीत संपली होती. तोवर राजेशने चिऊला खाली सोडलं होतं आणि ती रांगत थेट रांगोळीत शिरली होती. एका कासवाचा पाय गेला, चिऊचे दोन्ही गाल हिरवे झाले.

"केल्यानी बंद?" राधाकाकींनी मान वर न करता विचारलं.

"केलं."

"बरा झाला. आता रडत रवा नको. पोराक उचल, आणि वही काढ तुझी. ह्या शेपटीची रेघ माका चुकल्यासारकी वाटता."

अक्षदाने हिरव्या गालांची चिऊ कडेवर घेतली, दुसऱ्या हाताने पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि ठिपके मोजायला लागली.