मैदानावरची फक्की

श्रीकृष्ण पेपर हातात नाचवतच घरात आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते.

"शशीताई, सरांनी कमाल केली! पूरा इंदूर बघून राहिलाय!"

त्यानं पेपर ओट्यावर पसरला. दादाचा फोटो होता. हातात खराटा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायाशी उपटलेल्या खुंट्यांचा ढीग. वर मोठ्या हिंदी अक्षरांत, 'स्टेडियम के विरोध में मैदान में उतरे बुज़ुर्ग खेल शिक्षक'. मोहरी जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे मी गॅस बंद केला.

दादा बाहेर आला, चष्मा लावून फोटो न्याहाळू लागला. माझा थोरला भाऊ वासुदेव, आमच्या परदेशीपुऱ्यातल्या निम्म्या घरांना खो-खो शिकवलेला.

"रेघ सरळ आहे," तो म्हणाला. "कोणी मारली?"

श्रीकृष्ण मोठ्यानं हसला. सर विनोद करताहेत असं त्याला वाटलं. मी हसले नाही.

घडलं होतं ते एवढंच. आमच्या घरामागे बंद पडलेल्या मिलचं मैदान आहे. इंदूरच्या क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या लीग संघांसाठी नवं स्टेडियम बांधायचं ठरलं आणि दोन जागा पुढे आल्या: एक हे मैदान, दुसरी बायपासपलीकडची मोकळी जमीन. मोजणीवाले आले, त्यांनी खुंट्या ठोकल्या, चुन्यानं खुणा केल्या. दुपारी दादा नेहमीप्रमाणे मैदानावर गेला. त्याला वाटलं, कुणीतरी खो-खोचं मैदान आखलंय आणि पार बिघडवून ठेवलंय. त्यानं सगळं खराट्यानं पुसलं, खुंट्या उपटल्या आणि त्याच खुंट्यांना सुतळी बांधून मधली पाटी, आडव्या पाट्या, सगळं नीट पांढऱ्या फक्कीनं आखून दिलं. मग हात झटकून घरी येऊन चहा मागितला.

विरोध वगैरे त्याच्या मनातही नव्हता. स्टेडियम होणार आहे हेच त्याच्या लक्षात नव्हतं.

पण हे मी श्रीकृष्णला सांगू शकत नव्हते. कुणालाच नाही. मागच्या दिवाळीत दादा दवाखान्यात म्हणून निघाला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, भंवरकुआंला सापडला, कोचिंगच्या मुलांच्या गर्दीत, एका हॉस्टेलच्या पायरीवर बसलेला. एका भल्या मुलीनं रिक्षात घालून घरी आणून सोडला. तेव्हा पुण्याहून विक्रांतचा फोन आला. विक्रांत दादाचा एकुलता एक मुलगा.

"आत्या, परत असं काही झालं ना, तर मी बाबांना घेऊन जाणार. इथे चांगलं केंद्र आहे, चोवीस तास माणसं असतात. तुझ्याच्यानं आता होणार नाही."

तेव्हापासून मी दादाचं विसरणं झाकत आले. फोनवर विक्रांतचं नाव आधी मीच मोठ्यानं घ्यायची, म्हणजे दादाला कळायचं कोणाशी बोलतोय. मैदानाची मात्र मला कधी काळजी नव्हती. मिलचं फाटक, कडुनिंब, लक्ष्मण नमकीनवाल्याचं दुकान, की आमचं घर. एवढा रस्ता त्याच्या पायांना पाठ आहे. वहिनी गेली ते तो विसरतो, जेवला ते विसरतो, पण दुपारी उन्हं कलली की फक्कीचा डबा उचलतो. त्या मैदानावर आता खो-खो कुणी खेळत नाही. पोरं मोटारसायकली फिरवतात, संध्याकाळपर्यंत रेघा पुसल्या जातात. दुसऱ्या दिवशी तो परत आखतो.

"टेन्शन एकच आहे ताई," श्रीकृष्ण खुर्ची ओढत म्हणाला. तो आमच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी, दादाचाच विद्यार्थी. "ठेकेदारानं थाण्यात कम्प्लेंट दिलीय. सरकारी कामात अडथळा."

"पोलिसांत?"

"घाबरू नका ना. सोमवारी जनसुनवाई आहे, शाळेच्या हॉलमध्ये. सरांनी माइकवर एकच वाक्य बोलायचं. 'हे मैदान मी देणार नाही.' बस. मग ते आंदोलन होतं. आंदोलन करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरला कोण हात लावणार? मैदान पण वाचेल, सर पण वाचतील."

"आणि नाही बोलला तर?"

"का नाही बोलणार? सर आहेत ते!" तो दादाकडे वळला. "सर, म्हणा बरं. हे मैदान मी देणार नाही."

"हे मैदान मी देणार नाही," दादा खणखणीत आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मागतंय कोण?"

त्या चार दिवसांत मला धड झोप लागली नाही. पोलीस येतील का, म्हणून फाटकाचा आवाज झाला की दचकायची. एका सकाळी खजराना गणपतीला गेले. मागच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढायला बोट कुंकवात बुडवलं आणि काय मागावं ते सुचेना. मैदान राहू दे म्हणू, की दादाला वाक्य आठवू दे म्हणू? मागे रांग खोळंबली होती. एक बाई म्हणाली, "अम्माजी, जल्दी माँग लो." मी नुसतंच दादाचं नाव घेतलं.

परत येताना रिक्षा मिलच्या भिंतीकडेनं आली. या मिलच्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. भोंगा झाला की आई कुकर नव्हे, पातेलं चढवायची, कारण कुकर तेव्हा आलाच नव्हता. वडील तिथे टाइमकीपर. दादा शाळेतून येऊन मैदान आखायचा आणि सुतळीचं दुसरं टोक मी धरायची. परकर खोचून. "ताण धर, शशी, ढिलं सोडू नकोस!" पाळी सुटली की कामगार कडेनं बसून सामने बघायचे, मराठी, मालवी, पूरबिया, सगळे. आम्हा मुलींचा संघ उतरला तेव्हा काही जण उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी तेच बायकापोरांना घेऊन आले. आता भिंतीला पिंपळ फुटलेत आणि त्या भिंतीवर स्टेडियमचं रंगीत चित्र लावलंय. चित्रात आमची गल्ली नाही. तिथे हिरवळ दाखवलीय.

सोमवारी हॉल खच्चून भरला होता. समोर टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम, पडद्यावर नकाशा. मी दादाला इस्त्रीचा सदरा घातला, गळ्यातली शिट्टी काढू दिली नाही त्यानं. श्रीकृष्णनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मी शेजारी.

आधी लक्ष्मण उठला. "मॅडमजी, मेरी दुकान मिल के टाइम से है. मिल बंद हुई, मोहल्ला सो गया. स्टेडियम यहीं बनाओ. मैच के दिन सेव कम पड़ जाएगी!"

"तुझे सेव की पड़ी है!" मागून कुणीतरी ओरडलं. "गाड़ी कहाँ खड़ी करेंगे लोग, तेरी कढ़ाई में?"

हॉल हसला. एक तरुण बाई उठली, तिचं बोलणं मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही. तिची आई आजारी असते. गणपतीत गल्लीत ॲम्ब्युलन्स अडकते, मग दर सामन्याला काय होईल? लीग संघाचा माणूस इंग्रजी-हिंदीत म्हणाला की बायपासवर जागा भरपूर आहे, पण रात्री सामना संपल्यावर प्रेक्षक घरी कसा जाणार? शहराबाहेरची स्टेडियमं रिकामी राहतात. त्यावर कुणी म्हणालं, रस्ता न्या, बस न्या, सगळं शहरातच का कोंबता? आमच्याच गल्लीतला एक जण म्हणाला, "मैदानावर रात्री दारू पिऊन बसतात लोक. त्यापेक्षा स्टेडियम बरं."

मला प्रत्येकाचंच पटत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. त्या सगळ्यांत दादाच्या फक्कीच्या डब्याला जागा कुठे होती?

मी त्याच्या कानात वाक्य म्हणत होते. हे मैदान मी देणार नाही. तो मान हलवत होता.

"वासुदेवजी," मॅडमनी नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. श्रीकृष्णनं त्याला माइकपाशी नेलं.

दादा उभा राहिला. समोर भरलेला हॉल, ओळीनं बसलेली माणसं. तो बघत राहिला. मी ओठ हलवून दाखवत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"सगळे एकाच दिशेला तोंड करून का बसलात?" तो कडाडला.

काही जण हसले. श्रीकृष्णनंही टाळी वाजवली.

"हसताय काय? एका आड एक उलट बसायचं, हे रोज सांगायचं का?" त्यानं शिट्टी फुंकली. बंद हॉलमध्ये ती कानात घुसली. माइक सोडून तो रांगेत शिरला आणि लक्ष्मणचे खांदे धरून त्याला खुर्चीत उलटं फिरवू लागला. "तू तिकडे तोंड कर! खो मिळेल तेव्हा उठशील कसा?"

"अरे सरजी, क्या कर रहे हो..." लक्ष्मण हसत होता, मग त्याचं हसू थांबलं. बाकीच्यांचंही थांबत गेलं. दादा तिसऱ्या माणसाशी झटत होता, घामाघूम झालेला. मोबाइल अजून वरच होते.

तेव्हा मी उठले. गुडघ्यात कळ आली. दादाचा हात धरून त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि माइकपाशी गेले. तेवढ्यात श्रीकृष्ण पुटपुटला, "ताई, सांभाळून घ्या. नाहीतर मैदान गेलं."

मी शाळेत शिकलेल्या हिंदीत बोलले. म्हटलं, माझ्या भावानं विरोध केलेला नाही. त्याला काही आठवत नाही. तुमच्या खुणा त्याला खो-खोच्या वाटल्या. वाकड्या दिसल्या म्हणून त्यानं सरळ केल्या. हे मी सगळ्यांपासून लपवलं. तक्रार करायची तर माझ्यावर करा. आणि ते मोबाइल खाली घ्या, बाळांनो.

मोबाइल एकेक करून खाली गेले. सगळे नाही.

मॅडमनी ठेकेदाराच्या माणसाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, तक्रार मागे घेतो. मग त्यांनी मला विचारलं, "माताजी, आपकी अपनी राय? स्टेडियम यहाँ बने या बायपास पर?"

मी म्हटलं, "इन्हें घर का रास्ता अब सिर्फ़ उसी मैदान से मिलता है. इसके आगे मैंने सोचा नहीं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. महिन्याभरात निर्णय कळेल, असं सांगून सुनावणी संपवली. बाहेर पडताना श्रीकृष्ण माझ्याशी बोलला नाही. दादाच्या मात्र पाया पडला, आणि पडल्यावर बराच वेळ वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रांत दारात उभा होता. व्हिडिओ कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.

"आत्या, तू मला फोनवर रोज सांगायचीस, बरे आहेत म्हणून."

"बराच आहे. मैदानावर बरा असतो."

"मैदानावर! लोकांना धरून फिरवत होते गं ते." त्याचे डोळे लाल होते, प्रवासाचे की रडण्याचे कोण जाणे. त्यानं दादाची बॅग काढली, कपडे भरायला घेतले. दादा शेजारी बसून त्याला एकेक सदरा देत होता.

"कुठे निघालात तुम्ही?" दादानं अगत्यानं विचारलं.

विक्रांतनं सदरा घेतला, पण घडी घालायचं राहून गेलं.

उन्हं कलली तसा दादा उठला, फक्कीचा डबा घेतला. विक्रांत त्याच्या मागे गेला, मी विक्रांतच्या मागे. लक्ष्मणनं दुकानातून हात केला, "आओ सरजी!" कालचं जणू घडलंच नव्हतं. कडुनिंबापाशी दादा न अडखळता वळला. मैदानात गेल्यावर त्यानं खुंटी ठोकली आणि सुतळीचं टोक विक्रांतच्या हातात दिलं.

"ताण धर. ढिलं सोडू नकोस."

विक्रांत बूट घातलेल्या पायांनी मागे मागे गेला. लहानपणीही तो असाच मागे जायचा, आणि हमखास ढिलं सोडायचा. या वेळी सोडलं नाही. दादा वाकून, एका चालीनं, डबा हलवत रेघ मारत गेला. तेवढा वेळ त्याच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं की या माणसाला काही आठवत नाही.

घरी येऊन विक्रांतनं बॅग तशीच भरलेली पलंगाखाली सरकवली.

"मैदान आहे तोपर्यंत राहू दे त्यांना," तो म्हणाला. "पण तू बरोबर जायचं. रोज. आणि मैदान गेलं, तर मग वाद नको, आत्या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तो पुण्याला गेला. आता सकाळी मीच आधी पेपर उघडते, स्टेडियमची बातमी शोधते. नसली की पोहे करायला घेते. श्रीकृष्ण दोनदा येऊन गेला. मंडळातर्फे पुन्हा अर्ज देतोय म्हणतो. लक्ष्मण म्हणतो, "दीदी, मैंने तो यहीं के लिए बोल दिया था. अब क्या करूँ?" मी त्याला काय सांगू? त्याचं दुकानही खरंच आहे.

दुपारी मी दादाबरोबर जाते. खाली बसता येत नाही, म्हणून सुतळीचं टोक काठीला गुंडाळून उभी राहते. काल फाटकाशी एक गाडी थांबली. दोघं उतरले, एकाच्या खांद्यावर मोजणीची तिपाई, दुसऱ्याच्या हातात लाल टोकाच्या नव्या खुंट्या. दादा अर्ध्या रेघेवर होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या खराट्याकडे.

"दादा, रेघ पुरी कर आधी," मी ओरडले आणि दोन्ही हातांनी सुतळी ताणून धरली.