पाच तारखेचे दोन हजार

बेबीताईचं खातं गोठलं ते ऐन दसऱ्याच्या तोंडावर. जठारपेठेत तिचं फुलांचं दुकान. मोबाइलवरून पैसे आले की गल्ल्याजवळचा डबा मोठ्यानं आकडा बोले, आणि ती म्हणे, नवऱ्यापेक्षा हा डबा बरा, खरं ते लगेच सांगते.

त्या दिवशी डबा मुका झाला. बँकेनं पोलिसांकडे बोट दाखवलं. मग नवरा खुशालराव आणि भाचा अश्विन यांना घेऊन ती सायबर पोलिसांच्या कचेरीत आली. अश्विन तिच्या मेलेल्या बहिणीचा. पाच वर्षांचा असल्यापासून तिनंच वाढवलेला. तिला सही तेवढी येई, वाचायचं सगळं त्याच्याकडे.

साहेबानं सांगितलं, अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंना कुणी फोनवर लुबाडलं, त्यातले चाळीस हजार बेबीताईच्या खात्यात आले. तिला उमगलं, अन् तिनं सांगूनही टाकलं. दुकानात हे नेहमीचंच: नोटा हव्या असल्या की माणूस फोननं पैसे टाकी अन् गल्ल्यातून रोकड नेई. मास्तरीणबाईंचं तिला वाईट वाटलं. चोर सापडलाच पाहिजे, असं तीच म्हणाली.

मग साहेबानं सहा महिन्यांची यादी काढली आणि शिपायांसकट सगळ्यांसमोर वाचायला घेतली. झेंडूचा व्यापारी, वीजबिल, सिलिंडर. आणि दर पाच तारखेला दोन हजार, दामिनी, मुक्काम धारणी.

खुशालरावांची मान वर आली. पोरगी दामिनी परजातीच्या पोरासोबत गेली तेव्हा त्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. चार वर्षं घरात ते नाव निघालं नव्हतं. हे पैसे दोघांनाच ठाऊक होते: बेबीताईला, आणि ते धाडायला शिकवणाऱ्या अश्विनला.

"साहेब, चोर धुंडा ना," ती म्हणाली. "पण त्यासाठी माह्या लुगड्याची गाठ चारचौघात काहून सोडता?"

साहेब वरमला. शिपायांना बाहेर घालवून त्यानं दार लोटलं. पण ज्यानं ऐकू नये त्याचं ऐकून झालं होतं. रोकड नेणारी माणसं कोण, साहेबानं विचारलं.

ते अश्विनचे दोस्त होते. एटीएम बंद आहे, मावशी, असं म्हणत त्यानंच आणलेले. तरी ती त्याचं नाव घेणार नव्हती. आपलं पोरगं, फसलं असेल.

तेवढ्यात अश्विन खाली बघत म्हणाला, "दामिनीताईच्या नवऱ्याची माणसं असतील, साहेब. पैसे तिकडंच जातात ना."

बेबीताईनं पदर सावरला.

"माह्या पोरीचं नाव तू इतके दिवस पोटात ठेवलं ते आज विकाले ठेवलं होय रे?" मग ती साहेबाकडे वळली. "लिहा. माणसं यानंच आणली. नाव अश्विन. पत्ता माहाच लिहा, वाढवला मीच."

खातं खुलायला दिवस लागतील, असं सांगून साहेबानं अश्विनला बसवून घेतलं. बाहेर आल्यावर खुशालराव एकटेच पुढं चालू लागले. उद्या पाच तारीख होती. ती म्हणाली, मी धारणीले चालली, रोकड घेऊन. आता लपवाले राहिलंच काय?

बसस्टँडवर ती एकटीच गेली. पाट्या वाचायला आज अश्विन नव्हता. तिनं एका अनोळखी माणसाला धारणीची गाडी विचारली. कोणाकडे चालल्या, माय, असं त्यानं सहज विचारलं.

"गाडी तेवढी सांगा ना, भाऊ," ती म्हणाली. "कोणाकडे, ते माह्या गाठीलेच राहू द्या."