अठ्ठावन्न सालचा नवखा

लाव्हर्न कुबिचेकचा संघ सलग नऊ हिवाळे तळाला होता. आता तर तळालाही त्याची लाज वाटायला लागली होती. एकदा त्याने टाकलेले फासे टेबलावरून घरंगळून हीटरच्या खाली गेले. अर्ध्या तासाने झाडूच्या दांड्याने बाहेर ओढले, तर तिथेही ते त्याचा फलंदाज बादच दाखवत होते. हे ब्लू क्रीक गावात कोणालाही विचारा.

ब्लू क्रीकची ही बेसबॉल लीग कागदावरची. आठ मालक, आठ पत्र्याचे डबे आणि डब्यांत खेळाडूंची कार्डं. एखादा खेळाडू त्या साली मैदानावर जसा खेळला असेल, तसंच त्याचं कार्ड. फासे टाकायचे, कार्डावर आकडा बघायचा, फटका की बाद ते कळतं. दर हिवाळ्यात एक जुनं साल खेळायचं. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी १९२० पासून सुरुवात केली, आणि एकही साल न गाळता या फेब्रुवारीत ते १९५८ला येऊन पोचले होते. त्या साली मोठ्या लीगमध्ये आलेले नवखे आज, शनिवारी दुपारी, जुन्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये आठ जणांत वाटले जाणार होते. जो तळाला, त्याची निवड पहिली.

त्या नवख्यांमध्ये एक बावीस वर्षांचा सेकंड बेसमन, दुसऱ्या बेसची राखण करणारा, होता. नाव लाव्हर्न कुबिचेक.

अडतीस हिवाळे म्हातारा लाव्हर्न या दुपारची वाट बघत होता. बेत साधा होता. पहिल्या फेरीत ओडेगार्ड घ्यायचा. हा ओडेगार्ड चेंडू फेकणारा, असा पिचर, की त्याचं कार्ड नुसतं टेबलावर ठेवलं तरी समोरचे फलंदाज परत जाऊन बसतील. आणि शेवटच्या फेरीत, सगळे चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्यात गोड सिनॅमन रोल बुडवत असताना, हळूच स्वतःला उचलायचं. स्वतःच्या हाताने स्वतःचे फासे टाकायचे.

अर्लिस ट्वेटने यादी वाचली. शाळेच्या ऑफिसात तिने एकतीस वर्षं हजेरी घेतलेली, त्यामुळे तिच्या आवाजात अजूनही गैरहजर पोरांविषयीची तक्रार असायची.

"संपली?" लाव्हर्नने विचारलं.

"संपली."

"माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही, बसत नाही. फलंदाजीच्या वीस खेपा नसतील तर घ्यायचा नाही, असा नियम आहे. तुझ्या अठरा आहेत."

"वीस आहेत."

"नोंदींच्या पुस्तकात अठरा आहेत, लाव्हर्न. अठरा खेपा, एक फटका."

"पुस्तक गेलं खड्ड्यात. वीस वेळा मी स्वतःच्या पायांवर उभा राहिलोय. कॅन्सस सिटीत दोनदा उभा राहिलो, दोन्ही वेळा मारला. दुसरा चेंडू तर मैदानाबाहेर लोहाराच्या दुकानात गेला, आणि त्याने तो तापलेली नाल समजून पाण्यात बुडवला. चौथ्या डावात पाऊस आला आणि सामना रद्द. रद्द म्हणजे झालाच नाही म्हणे. मग माझी भिजलेली चड्डी कोणाची होती?"

"मागच्या वेळी तिथे चांभार होता," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

ड्वेन ह्रुस्का ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा, आणि त्याची आजची निवड दुसरी होती. त्याने शांतपणे रोलचा तुकडा तोडला. "हा वीसचा नियम कोणी केला रे, लाव्हर्न?"

नियम अर्लिसच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता, आणि अक्षर लाव्हर्नचंच होतं. एकवीस वर्षांपूर्वी १९३७चं साल खेळायला घेतलं, तेव्हा त्या नवख्यांमध्ये ड्वेनचा मामा होता. अकरा खेपा, फटका एकही नाही. ड्वेन त्याचा फोटो कोटाच्या खिशात घालून आला होता. लाव्हर्नने त्याच दुपारी नियम लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि वर म्हणाला, की नातेवाईक जमवायचे असतील तर लग्न काढा, इथे बेसबॉल चालतं.

"आठही जणांचं एकमत झालं तर नियम मोडता येतो," अर्लिस म्हणाली. "तेही तूच लिहिलंयस."

सात हात वर गेले. लाव्हर्नचा सगळ्यांत आधी. ड्वेनचा हात वाडग्याशी.

"ड्वेन, लेका, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं," लाव्हर्न म्हणाला. हे एवढं बोलायला त्याला अर्ध्या डावाइतका वेळ लागला.

"फिरलं नव्हतं. तू हसत होतास." ड्वेनने रुमालाने बोटं पुसली. "मी हात वर करतो. पण एका अटीवर. कुबिचेक पहिल्याच फेरीत जाईल, नाहीतर जाणारच नाही. शेवटी उरलेल्या कचऱ्यातून कोणी उचलायचा नाही."

"पहिल्या फेरीत? अठरा खेपांचा माणूस?"

"वीस म्हणत होतास ना?"

हॉलमध्ये हशा पिकला. ड्वेनचा हात वर गेला, अर्लिसने नोंद केली आणि अंडी उकडायचं घड्याळ तीन मिनिटांवर लावलं. "लाव्हर्न, तुझी निवड."

लाव्हर्नने मनात हिशोब मांडला. स्वतःला घेतलं तर ओडेगार्ड ड्वेनच्या डब्यात, आणि आपला दहावा हिवाळा तळाला. त्र्याऐंशीव्या वर्षी अकराव्याची हमी कोण देणार? ओडेगार्ड घेतला, तर तो बावीस वर्षांचा पोरगा पुन्हा घरी. कारण पहिल्या फेरीत त्याला घेईल असा मूर्ख या हॉलमध्ये नव्हता. लाव्हर्नला ड्वेनचा राग आला, अर्लिसच्या घड्याळाचा आला, कॅन्सस सिटीच्या ढगांचा आला. सगळ्यांत जास्त आला तो झाकणावरच्या त्या ऐटबाज अक्षराचा.

मिनिट उरलं. अर्धं उरलं.

"ओडेगार्ड," तो म्हणाला, आणि कार्ड ओढून घेतलं. हातात आल्यावर ते कार्ड नुसताच पुठ्ठा होतं.

"दुसरी निवड, ड्वेन."

टेबलावर त्या सालचा सगळ्यांत दांडगा फलंदाज पडून होता. एकतीस होमरन. ड्वेनने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"कुबिचेक. सेकंड बेसमन."

चमचे थांबले. लाव्हर्न उठून उभा राहिला. "वेडा झालास का? एकतीस होमरन समोर पडलेत, आणि तू तो हाडकुळा घेतोस? त्याला वळणारा चेंडू दिसतसुद्धा नाही."

"कार्डावर तसंच दिसतंय," ड्वेन म्हणाला आणि कार्ड वरच्या खिशात ठेवलं. डब्यात नाही.

"मला दे. ओडेगार्ड घे आणि मला दे."

"नाही."

"ओडेगार्ड आणि पुढच्या सालची पहिली निवड."

"नाही म्हटलं ना. तो माझा आहे आता."

"मग बाकावर बसवून ठेवणार? सूड म्हणून?"

"ते माझं मी बघेन."

अर्लिसने घड्याळ पुन्हा फिरवलं, आणि तिसऱ्या निवडीची कुजबूज सुरू झाली. लाव्हर्नने आपली खुर्ची फरशीवरून खरखर ओढत ड्वेनच्या टेबलाला लावली.

"ऐक, गाढवा. डावखुऱ्या पिचरसमोर उभा करू नकोस त्याला. आठव्या नंबरावर पाठव, वर नको, वर घाबरतो तो. आणि पहिल्या दोन खेपा वाया गेल्या तर लगेच बाहेर काढू नकोस. तिसऱ्यापर्यंत थांब. त्याच्यासाठी कधी कोणी थांबलं नाही."

ड्वेनने खिशातून पेन्सिल काढली. "हळू बोल," तो म्हणाला. "आठवा नंबर. पुढे?"