मान्य असल्यास बटण दाबावे

वेंकटरावांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी लोकांना 'नाही' म्हणण्यात घालवली. फोनसाठी आठ-आठ वर्षं यादीत ताटकळलेली माणसं खिडकीशी यायची आणि वेंकटराव आतून सांगायचे, "लाइन नाही." त्यात दुष्टपणा काही नव्हता, लाइन खरोखरच नसायची. पण मधे खिडकी असली की कोणालाही 'नाही' म्हणता येतं, एवढं शहाणपण ते निवृत्तीच्या शालीबरोबर घरी घेऊन आले.

घरी मात्र खिडकी नव्हती, तिण्णै होती. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत प्रत्येक घराला रस्त्याकडे हा ओटा असतो, आणि त्यावर कोण बसला म्हणून विचारायची पद्धत नाही. त्यामुळे २०१० साली वेंकटरावांनी वायफायचा राउटर घेतला, तेव्हा आठवड्याच्या आत अर्धी गल्ली त्यांच्या तिण्णैवर मुक्कामाला आली. शेजारचे गोपालकृष्ण हेडमास्तर कचेऱ्या उतरवून घ्यायचे, म्हणजे गाण्याच्या मैफली. कनकलता मुलीसाठी स्थळं बघायची. इंजिनियरिंगचा भरद्वाज तीन-तीन तासांचे सिनेमे ओढायचा आणि मधून मधून आत डोकावून "मामी, कापी?" असं वेंकटरावांच्या बायकोला, नागलक्ष्मीबाईंना, विचारायचा.

राउटर घेतला होता तो न्यू जर्सीतल्या विनुतासाठी. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला, तिकडे सकाळ असताना, लेक लॅपटॉपवर दिसायची. एका रविवारी सहा वर्षांची नात भवानी पायांत घुंगरू बांधून उभी होती. अलारिप्पु, म्हणजे भरतनाट्यमची पहिली रचना, तिची पुरी शिकून झाली होती आणि ती आजाला दाखवणार होती. तिनं एक पाय उचलला, डोळे डावीकडे फिरवले आणि तशीच थांबली. चार मिनिटं. चित्र हललं तेव्हा ती शेवटचा नमस्कार करत होती.

"आजा, कसं केलं?"

वेंकटराव खोटं बोलायला गेले आणि पकडले गेले. भवानी रडली.

विनुता म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी एकदाच करेल म्हणते. परत तसं झालं तर मग कधीच नाही. ती तुमच्यावरच गेलीय, शब्द फिरवायची नाही."

वेंकटरावांनी सोमवारी राउटरला पासवर्ड घातला. दहा वाजता गोपालकृष्ण दारात.

"काय हो, माझी कचेरी पल्लवीत अडकलीय. पासवर्ड घातलात की काय?"

"हो, म्हणजे..."

"बरं केलंत. कोणीही येऊन बसतं. काय आहे तो?"

वेंकटरावांनी सांगितला. कनकलताला नागलक्ष्मीबाईंनी कॉफीबरोबर दिला. मंगळवारी नारळवाल्यानं तो गल्लीच्या टोकाला एका पाहुण्याला सांगितला.

बुधवारी वेंकटरावांना इंटरनेटवरच कॅप्टिव्ह पोर्टलचा शोध लागला. कोणीही वायफायला जोडला की आधी मालकाचं पान उघडतं. त्यावरचं बटण दाबून अट मान्य केल्याखेरीज पुढचं दार उघडत नाही. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही त्यांची खिडकी होती.

त्यासाठी राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर पुसून नवं घालायचं होतं. दोनदा राउटर मेला. दोन्ही वेळा नागलक्ष्मीबाईंच्या केसांतल्या आकड्यानं मागच्या भोकातलं बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यावर तो परत आला. गुरुवारी रात्री जेवणाआधी पोर्टल चालू झालं. स्वतःच्या लॅपटॉपला त्यांनी पानातून सूट दिली, आणि आता मजकूर तेवढा राहिला.

घरोघरी मराठी बोलत असले, तरी गल्लीत देवनागरी कोणाला नीट वाचता येत नव्हती, वेंकटरावांनाही नाही. म्हणून मराठी तमिळ अक्षरांत लिहायचं ठरलं. त्यांनी लिहिलं: 'रविवारी साडेसहा ते सात येथे इंटरनेट मिळणार नाही.'

नागलक्ष्मीबाई मागे उभ्या होत्या. "दारातच 'नाही' लिहिणार? आणि उद्या शुक्रवार, लक्ष्मीचा वार."

"मग काय लिहू?"

"कारण लिहा. कारण सांगितलं की माणूस समजून घेतो."

त्यांनी लिहिलं: 'रविवारी संध्याकाळी साडेसहा ते सात आमच्या घरी आमची नात चि. भवानी हिचे नृत्य आहे. त्या वेळी सर्वांनी इंटरनेट बंद ठेवावे. मान्य असल्यास नाव लिहून बटण दाबावे.'

"वर 'श्री' नको का? कडेला काहीतरी वेलबुट्टी? उघडं उघडं दिसतंय."

लग्नपत्रिकेची एक कमान मिळाली, ती त्यांनी लावली. आत दोन्ही बाजूंना केळीचे खांब आपोआपच आले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत एकतीस नावं जमा झाली. चौतीस वर्षांत आपली एकही अट एवढ्या लोकांनी विनातक्रार मानली नव्हती, असं वेंकटरावांनी बायकोला दोनदा सांगितलं.

रविवारी सव्वासहाला गोपालकृष्ण जरीकाठी वेष्टी नेसून आले. मागे त्यांची बायको, हातात फुलं.

"तुम्ही?" वेंकटराव म्हणाले.

"मान्य केलं होतं ना आम्ही, नावानिशी. बसायचं कुठं?"

दिवस, वेळ, लेकराचं नाव आणि घरी नृत्य, एवढं पत्रिकेच्या कमानीखाली लिहिल्यावर या गल्लीत वेगळं 'यावे' म्हणायची गरज कधीच पडली नव्हती. अट कोणी वाचलीच नव्हती. पत्रिकेतला खालचा बारीक मजकूर कोण वाचतं? कनकलता मुलीला नटवून घेऊन आली. भरद्वाज शेजारच्या सभागृहातून चटया उचलून आणत होता. साडेसहाला हॉलमध्ये एकतीस नावं सहकुटुंब बसली होती आणि गल्लीत राउटर वापरायला कोणी उरलं नव्हतं.

विनुता दिसली, आणि अशी दिसली की तिच्या मागच्या कपाटावरचे डाग मोजता यावेत. "बाबा, हे सगळे कोण?"

बाबा स्वयंपाकघरात होते. एवढी माणसं घरी आल्यावर यजमानानं बसून नाच बघायचा, हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसतं. ते टंबलरमध्ये कॉफी ओतत होते. घुंगरांचा आवाज, मग हॉलभर "बले, बले" ऐकू आलं. दोन्ही हातांत ताट धरून ते दाराशी पोचले तेव्हा समोर पाठीच पाठी होत्या. टाळ्या पडल्या. संपलं होतं.

तिकडून बारीक आवाज आला. "आजा कुठं आहे?"

एकतीस कुटुंबांनी मागे वळून कॉफीच्या ताटाकडे पाहिलं.

"आजानं परत नाही बघितलं?" आवाज आता रडायच्या बेताला आला.

गोपालकृष्ण उठले. हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "भरद्वाज, ताट घे. वेंकटराव, खाली बसा. हे घर तुमचं आहे, थोडा वेळ पाहुणे व्हा." मग त्यांनी लॅपटॉप उचलला, तो डोक्यांवरून हातोहात मागे आला आणि वेंकटरावांच्या मांडीवर टेकला. चित्र तसूभरही अडखळलं नाही.

पडद्यावर भवानी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एकदाच म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"तुझं बरोबर आहे," वेंकटराव म्हणाले. "पण आमच्याकडची लाइन आजच आलीय."

तिनं थोडा विचार केला. मग आईला बाजूला सरकवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुढची चार मिनिटं वेंकटरावांनी पापणी हलवली नाही; कनकलता त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि तिची वेणी त्यांच्या कानात जात होती, तरीही नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी सगळी मंडळी तिण्णैवर जाऊन आपापली यंत्रं उघडून बसली. वेंकटरावांनी बाहेरचा दिवा लावला आणि आत येऊन दुसऱ्या फेरीसाठी दूध तापत ठेवलं.