डाव्या हाताचं अक्षर

सुलेखन शिकवणारे ओतोवा गुरुजी वारले आणि त्यानंतर जपानमधल्या नारा शहरातली त्यांची शिष्या चिझुरू काहीही लिहू लागली, तरी अक्षर गुरुजींचंच उमटायचं. लोक कौतुक करायचे. तिच्या सुलेखनाच्या प्रदर्शनात गुरुजींची बायको मात्र एका कागदासमोर थबकली.

“हे कधी लिहिलंस गं?”

“गेल्याच आठवड्यात, काकू.”

“थापा मारू नकोस. रेघेचा हा थरथरता शेवट त्यांच्या आजारपणातला आहे. तेव्हाचे सगळे कागद त्यांनी कुणाला न दाखवता जाळून टाकले.”

चिझुरूने ते कागद कधीच पाहिले नव्हते. त्या दिवसापासून तिने कुंचला डाव्या हातात धरला. अक्षरं वेडीवाकडी आली, पण तिची स्वतःची होती. आज ती त्या अक्षरांसाठीच ओळखली जाते. लिहिताना उजवा हात मात्र ती कमरेच्या पट्ट्यात घट्ट खोचून ठेवते. मोकळा सोडला, की त्याची बोटं चटईवर आपोआप लिहू लागतात.