राहत्या घरी

आपल्या मरणाची चिठ्ठी हल्ली प्रत्येकाला पोस्टाने येते. कोण पाठवतं ते कळत नाही, पण आमच्या आचऱ्यात आजवर एकही चुकलेली नाही. माझ्या शेजारच्या लवूच्या चिठ्ठीत होतं, 'अकरा डिसेंबर, राहत्या घरी.'

देवाने कौल दिला आणि यंदाची गावपळण नेमकी दहा ते बारा डिसेंबरला आली. तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर राहायचं. गावात चिटपाखरू दिसता कामा नये.

लवू खूश. "मी घराकच नाय, तर मरतलंय कसो?" हे त्याने मला दिवसातून दहादा ऐकवलं. माझं डोकं उठलं.

अकरा तारखेला तो वेशीबाहेरच्या आपल्या झोपडीत आरामात जेवायला बसला. त्याच्या बायकोने, रुक्मिणीवहिनीने, जमीन सारवली होती, दारात रांगोळी काढली होती, तुळशीची कुंडीसुद्धा आणली होती. मला राहवलं नाही.

"वैनी, घर बरा सजवलास."

लवूचा घास हातातच राहिला. तो उठला आणि लांब काजूच्या झाडाखाली, उघड्यावर जाऊन बसला.

वहिनीने ताट, पाट आणि तुळस उचलली आणि सगळं काजूखाली नेऊन मांडलं.

"हय भिंत नाय, छप्पर नाय," लवू ओरडला. "ह्या घर न्हय!"

"तुमी जंय बसशात, थंय माजा घर," म्हणत वहिनीने भात वाढला.

लवू थोडा सरकला आणि तिला पाटावर जागा दिली.